उंबराचे फूल आणि केंबरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

उंबरावरील माझ्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दत्तगुरूंच्या झाडाविषयी लिहिताना मी ‘उंबर फोडून केंबरे (आतले बारीक किडे) काढली’ आणि भाविकांच्या मनात किळस निर्माण केली, प्रत्येक अंजिरात मेलेला कीटक असतो हे माझे विधान खोटे आहे, आणि हे किडे माणसाच्या काडीच्याही उपयोगाचे नसल्याने रामबागेतील आपल्या गल्लीच्या उंबरावर औषध मारून घ्यावे, असे आपण लिहिले आहे.

अंजिराबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. पुरंदरकडचे अंजीर परागीभवनावाचून फळते; मी सरसकट लिहिले ही माझी चूक, आणि मूळ लेखात ती दुरुस्त केली आहे. स्मर्ना जातीच्या अंजिराची गोष्ट मात्र निराळी आहे. कॅलिफोर्नियात १८८०च्या दशकात ती झाडे लावली गेली, चांगली वाढली, पण फळे कोवळी असतानाच गळत राहिली. १८९९ मध्ये अंजिराचे चिलट, म्हणजे त्याच्या फुलांना पराग पोचवणारा बारीक कीटक, मुद्दाम आणून तेथे रुजवल्यानंतरच बागायतदारांच्या हाती पीक लागले. माणसाला उपयोग काय, या प्रश्नाचे हे एक उत्तर.

किळस येण्याचा मुद्दा मला अधिक लागला, म्हणून जे पाहिले तेच सांगतो. गेल्या रविवारी मी नुकतेच लालसर होऊ लागलेले एक उंबर काढून स्टीलच्या ताटलीत उभे चिरले. आत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली होती. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. ते फूल फळ समजून आपण नेहमीच हाताळत असतो. त्या फुलांतून आधी फिकट, बिनपंखांचे नर सरपटत निघाले, आणि थोड्या वेळाने जेमतेम दोन मिलिमीटरच्या, काळसर, पंख असलेल्या माद्या बाहेर येऊन खिडकीच्या उजेडाकडे उडाल्या.

मादी उंबराच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांतून आत घुसते तेव्हा बहुधा तिचे पंख तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, इतर फुलांना सोबत आणलेले पराग देते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात, माद्या अजून आपापल्या फुलात असतानाच त्यांच्याशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक तेथेच संपतात. माद्या छातीखालच्या कप्प्यांत पराग भरून त्या भोकातून बाहेर पडतात, आणि एकदोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना योग्य अवस्थेतले दुसरे उंबर गाठावे लागते. नामिबियात याच कुळातल्या झाडांवर झालेल्या अभ्यासात अशी चिलटे वाऱ्यावर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर गेल्याचे आढळले. आपल्या उंबरावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. त्या चिलटाच्या अंगावर स्वार होऊन सूक्ष्म कृमीही एका उंबरातून दुसऱ्यात जातात, हे त्यांनी दाखवले.

हिरण्यकशिपूचा वध केल्यावर नृसिंहांनी दाहाने पोळलेली नखे उंबराच्या फळांत रुतवली, ही कथा आपण जाणताच. कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात मीही लहानपणापासून जातो, आणि आत काय चालले आहे हे कळल्यापासून औदुंबरापुढे माझे हात अधिक मनापासून जोडले जातात.

औषधाचा विचार मात्र कृपया सोडावा. ही चिलटे माणसाला चावत नाहीत. ती मेली, तर कोवळी उंबरे परागाविना गळून पडतील, आणि ज्या कोकिळेच्या आवाजाने आपली पहाट होते असे आपणच लिहिले आहे, ती त्याच उंबरांवर जगते. हरियल आणि वटवाघळेही. सध्याची खेप आठवडाभरात संपेल. तोवर खिडकीला बारीक जाळी लावावी. आपली हरकत नसेल तर रविवारी मी स्वतः येऊन लावून देईन.