वजनातली तूट

फायनल इयरला फूड ड्रायर करायचा, हे आमच्या ग्रुपनं भर जुलैत ठरवलं. म्हणजे कोल्हापुरात ज्या दिवसांत दोरीवरचे मोजेसुद्धा वाळत नाहीत, त्या दिवसांत आम्ही टोमॅटो वाळवणार होतो. कागदावर मात्र गणित चोख होतं. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १५ टक्क्यांच्या आत येते. हीटर, ब्लोअर, जाळीचे ट्रे, झालं यंत्र.

ड्रॉइंग घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींनी ते पसरलं आणि त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला. "ड्रॉइंग ऱ्हाऊ दे. ह्यात ठेवणार काय, ते सांगा."

"टोमॅटो."

"सुकवून?"

"होय."

"मग आमटीत काय घालायचं?"

ह्याचं उत्तर सिनॉप्सिसमध्ये नव्हतं. पेटी मात्र त्यांनी झकास करून दिली. फक्त ट्रेमधलं अंतर ग्लासाच्या ओल्या गोलाखाली गेल्यामुळं अंदाजानं आलं.

पहिल्या घाण्याला लवकर व्हावं म्हणून सुम्यानं तापमान ८० वर नेलं. असं केलं की वरचा थर आधीच कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. पुस्तकात ह्याला केस हार्डनिंग म्हणतात. मिस्त्रींनी त्यातला एक काप वाकवून बघितला, उजेडात धरला आणि विचारलं, "कितव्या नंबरची? पट्टा लावून देऊ काय?"

त्यानंतर ६० अंशांच्या वर कुणी गेलं नाही. टोमॅटोत ९४ टक्के पाणीच असतं. दोन किलो चिरून घातले, की हाताला लागतो जेमतेम सव्वाशे ग्रॅम ऐवज. हे आईला सांगितल्यावर तिनं "आणि लाईट बिल?" एवढंच विचारलं. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीचा कांदा ती गच्चीवर जुन्या लुगड्यावर फुकट वाळवते. गाईडपेक्षा अवघड प्रश्न तिचेच.

खरा घोळ केळ्यांनी केला. ट्रेखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, बसवला होता. पाणी उडेल तसं वजन घटणार आणि लॅपटॉपवर छान उतरती रेषा येणार. रेषा आलीही, पण जिन्यासारखी. तासभर हळूहळू उतरायची आणि एकदम धाडकन पंधरा-वीस ग्रॅम खाली. सरांनी ग्राफवर बोट ठेवलं. "रोज चार वाजता असं काय होतं?"

चार वाजता मेकॅनिकलची लेक्चरं सुटतात. पण हे कोण सांगणार?

"सर, फॉलिंग रेट पिरियड," अश्विनी शांतपणे म्हणाली. म्हणजे वाळण्याचा वेग मंदावतो तो टप्पा. तिच्या गालात त्या वेळीही काहीतरी होतं.

आम्ही दाराला कडी केली. कुलूप आणलं. किल्ली सुम्याकडं दिली, तेव्हापासून जिना रात्रीही दिसायला लागला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी दार उघडलं, वास घेतला, एक काप तोंडात टाकला आणि रिपोर्ट चाळू लागले. "मास बॅलन्स जुळत नाही तुमचा. एवढं वजन जातं कुठं?" असं म्हणत त्यांनी दुसरा उचलला. स्क्रीनवर आणखी तीन ग्रॅम उतरले. आम्ही चौघं स्क्रीनकडं बघत उभे.

"सेन्सर तपासा एकदा," ते म्हणाले. "आणि फणसाचं जमतं काय ह्यात?"