मीना हार्कर केवळ बळी नव्हे

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या रक्तपिपासू काउंटच्या कादंबरीतील स्त्रिया केवळ बळी म्हणूनच येतात, असे विधान तिच्यावरील एका लेखात वाचले. काउंटची शिकार होणाऱ्या लूसीपुरते ते बऱ्याच अंशी मान्य करता येईल. लूसीची मैत्रीण मीना हिच्या बाबतीत मात्र ते पटत नाही. नवरा जोनाथन याची लघुलिपीतील रोजनिशी, वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख डॉ. सीवर्ड याने फोनोग्राफवर (आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर) बोलून ठेवलेल्या नोंदी, पत्रे, कात्रणे हे सारे टंकलिखित करून तारीखवार लावण्यात मुख्य हात तिचाच आहे, आणि १८९७ सालची ही कादंबरी वाचकासमोर येते तीच मुळी अशा जुळवलेल्या कागदपत्रांच्या रूपात. पळालेला काउंट नदीमार्गाने जात असणार, हा तर्कही तीच नकाशे पाहून मांडते. असे असूनही (काउंटविरुद्धच्या मोहिमेचा म्होरक्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग तर तिला 'पुरुषाचा मेंदू' लाभला असल्याची पावती देतो!) पुरुषमंडळी तिच्या काळजीपोटी तिला मसलतीतून वगळतात आणि नेमका त्याच काळात काउंट तिला गाठतो. हा प्रसंग स्त्रीच्या दुबळेपणापेक्षा तिच्या रक्षकांच्या फाजील आत्मविश्वासावर अधिक बोट ठेवतो, असे मला वाटते. १८७२ सालच्या 'कार्मिला' या ले फानूच्या रक्तपिपासू स्त्रीच्या कथेचा उल्लेख लेखात ओझरताच आला आहे. तिथे तर कार्मिलाच्या जाळ्यात सापडणारी तरुणी लॉरा स्वतःच निवेदक असून कार्मिलाविषयीची ओढ आणि किळस या दोन्ही भावना ती एकाच दमात कबूल करते.