टॉर्चच्या सेलची साल सोलू नका, आप्पांनाही सोलू देऊ नका

‘टॉर्च आपोआप मोड बदलते? मेकॅनिक विसरा, हे पाच उपाय करा’ हा मेसेज आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या ग्रुपवर फिरून झालाय. मोड म्हणजे कमी उजेड, जास्त उजेड, लुकलुक वगैरे. मी तो सोडूनच दिला असता. पण वाळवा तालुक्यातल्या आमच्या आप्पांनी, म्हणजे चुलत्यांनी, ब्लेड हातात घेऊन फोन केला : "चपातीची फॉईल चालंल का दुसरी आणू?" उसाला पाणी द्यायचं तर रात्रीची लाईट, त्यात शिवारात बिबट्याची चर्चा. अशात टॉर्च मध्येच लुकलुकायला लागली की माणूस वैतागणारच. पण म्हणून ब्लेड?

आधी तिसरा उपाय घेतो, कारण बाकीचे नुसते येडचाप आहेत, हा घर पेटवणारा आहे. मेसेज म्हणतो : ‘सेलवरचं प्लास्टिक काढा, फॉईल गुंडाळा, कॉन्टॅक्ट पक्का होतो, मोड बदलणं बंद.’

या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा ‘१८६५०’ नावाचा, पुन्हा चार्ज होणारा लिथियमचा सेल असतो : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. त्याचा बाहेरचा अख्खा पत्रा ऋण असतो, अगदी वरच्या धन टोकाच्या कडेपर्यंत. धन आणि ऋण यांच्यात तिथे एक बारीक रिंग आणि वरची ती प्लास्टिकची साल, एवढंच. साल काढून गुंडाळलेल्या फॉईलची कड वरच्या टोकाला टेकली की थेट शॉर्ट. लिथियमच्या सेलचा शॉर्ट म्हणजे फ्यूज उडाला, बदलला, असला मामला नाही. सेल तापतो, फुटतो, पेट घेतो.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये याच सेलबद्दल इशारा दिला होता. सुटे १८६५० वापरूच नका, खिशातल्या किल्ल्या किंवा नाणी टेकली तरी शॉर्ट होऊ शकतो, असं त्यात आहे. सुटा सेल वापरूच नका हे आपल्याकडे कोण ऐकणार, मान्य. पण साल शाबूत असताना किल्लीची भीती, तिथे आपण साल काढून वर धातू गुंडाळायचा?

आता कबूल करायला जिवावर येतं, पण करतो. हा उपाय ‘चालतो’. लोक खोटं सांगत नाहीत, मोड बदलणं खरंच थांबतं. का थांबतं ते बघा. टॉर्चची नळीसुद्धा ऋण बाजूलाच असते आणि मागच्या टोपणातलं बटण सेलचा तळ आणि नळी यांच्या मध्ये बसतं. उघडा पत्रा फॉईलमधून नळीला आतूनच टेकला की वीज बटणाला वळसा घालून जाते. बिघाड बटणाच्या वाटेवर होता, तुम्ही वाटच बंद केली. आता टॉर्च त्या बटणाने बंदही होत नाही. जळत राहते, आणि सेल नको तितका खाली उतरतो.

मूळ दुखणं किरकोळ असतं. टोपणात बटण असलेल्या टॉर्चमध्ये बटण अर्धं दाबलं की वीज क्षणभर तुटते. आतली चिप त्या तुटण्यावरून ठरवते की मोड बदलायचा. वीज अंगठ्याने तुटली की पाणंदीतल्या खड्ड्याने, हे तिला कुठून कळणार? सेलचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. धक्का बसला की तो स्प्रिंग दाबून मागे सरकतो, पुढचं टोक क्षणभर सुटतं. म्हणजे मेसेजमधलं ‘कॉन्टॅक्ट लूज’ हे निदान बरोबर होतं. औषध विषारी दिलं.

टोपण काढा आणि आत बघा. दोन बारीक छिद्रांची एक रिंग दिसेल. बहुतेक वेळा ती सैल झालेली असते, चिमट्याची टोकं छिद्रांत घालून घट्ट करा. नळीची उघडी कड आणि स्प्रिंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आट्यांवरचा काळा थर सँडपेपरने घासू नका, तो मुद्दाम दिलेला असतो. तरीही शंका असेल तर टोपण बाजूला ठेवून तारेच्या तुकड्याने सेलचा तळ आणि नळीची कड जोडा. दोन्ही ऋणच, शॉर्टची भीती नाही. टॉर्च स्थिर जळली तर दोष टोपणातच.

मेसेजमधले उरलेले उपाय आणि दावे. ‘मोबाईल टॉवरच्या लहरी’ : साध्या टॉर्चमध्ये लहरी पकडणारं काही नसतंच. ‘सेल रात्रभर फ्रीजरमध्ये’ : ओल धरते, आणि तसाच गारठलेला चार्जिंगला लावला तर सेलचं कायमचं नुकसान. ‘मिनिटाभरात उजेड उतरला म्हणजे सेल डुप्लिकेट’ : टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाच्या मोडवर, टॉर्च तापते आणि स्वतःला वाचवायला उजेड कमी करते. ‘कंपनीने चिपमध्ये खोट ठेवली’ याला काय उत्तर देणार.

बटण पुढे, डोक्याजवळ असलेल्या प्रोग्रामेबल टॉर्चचं गणित वेगळं. तिथे कॉन्टॅक्ट सुटला तर सहसा मोड बदलत नाही, टॉर्च बंदच पडते. मोड भलतेच येत असतील तर खिशात किंवा हातात बटण जास्त वेळा दाबलं गेलंय. ‘अँड्युरिल २’ प्रोग्रामवर चालणारी असेल तर बंद टॉर्चचं बटण दहा वेळा दाबलं की ती साध्या, कमी मोडच्या मांडणीत येते. चार वेळा दाबलं की बटणाला कुलूप. तीन वेळा दाबलं तर सेलचे व्होल्ट लुकलुकून सांगते : चार, थोडं थांबून एक, म्हणजे ४.१. आप्पांची मात्र टोपणाच्या बटणाची आहे. सोललेला सेल त्यांनी आता वापरायचा नाही, चार्जही करायचा नाही. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यायचा.