पाचवा भाग उरकू नका

‘टेल्स ऑफ मंकी आयलंड’ हा समुद्री चाचांचा विनोदी, कोडी सोडवायचा कॉम्प्युटर गेम सेलमध्ये घ्यायचा, पाचही भाग शनिवार-रविवारात फडशा पाडायचे आणि सोमवारी लिहायचं, ‘शेवटच्या भागात तेच तेच आहे.’ इंदूरच्या आपल्या मराठी गेमवाल्या मंडळींत ही तक्रार फार झाली. भिया, तेच तेच आहे हे खरंच. प्रश्न ते कसं खेळायचं हा आहे.

(ज्यांचा चौथा भाग व्हायचाय त्यांनी इथूनच परत फिरा. पुढे गोष्ट फुटणार आहे.)

हे भाग २००९ मध्ये ७ जुलै ते ८ डिसेंबर असे पाच महिन्यांत सुटे सुटे आले. दोन भागांत महिना-दीड महिना जायचा. जुलैत ऐकलेला विनोद डिसेंबरात परत आला की जुना मित्र भेटल्यासारखं वाटायचं. दोन दिवसांत परत आला की शिळा वाटणारच. चौथा संपवून निदान आठवडाभर थांबा. थांबवत नाही हे कळतं, कारण चौथ्याच्या शेवटी खलनायक लेचक आपल्या नायकाला, गायब्रशला, ठार मारतो. नायक मेलेला आणि गेमचा एक भाग शिल्लक, अशा जागी सोडतात.

आता जागांचं. भागांची मालिका करताना प्रत्येक वेळी नवं बेट उभं करणं परवडत नाही, म्हणून फ्लॉटसम बेट पहिल्यात आहे, चौथ्यात आहे आणि पाचव्यातही आहे. याला आळस म्हणणाऱ्यांनी आपला सराफा आठवावा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री त्याच बंद शटरांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू. ओटे तेच, धंदा दुसरा. पाचव्यात गायब्रश भूत होऊन त्याच गल्लीत येतो. चूक इथेच होते: ओळखीची जागा दिसली की लोक शिफ्ट दाबून पळत सुटतात. तसं करू नका. पहिल्या भागात क्लिक केलेल्या वस्तूंवर पुन्हा क्लिक करा. निम्मा विनोद त्या बदललेल्या वाक्यांत आहे आणि पुढच्या कोड्याची खूणही बरेचदा तिथेच असते.

मेलेला गायब्रश पाचव्यात जिथे पोहोचतो त्या परलोकाचं तर आणखी वेगळं. तिथे तलवारबाजांचा, चोरांचा आणि खजिना शोधणाऱ्यांचा अशी वेगवेगळी ठिकाणं आहेत. १९९० च्या मूळ गेममध्ये समुद्री चाचा व्हायला गायब्रशला द्याव्या लागलेल्या तीन परीक्षाच त्या. तो गेम न खेळता थेट पाचव्यात शिरलात तर ही थट्टा कळणारच नाही, नुसती तीन अंधारी ठिकाणं दिसतील. रूट बिअर या गोड पेयाचंही तसंच. भुतांवर तिचा काय परिणाम होतो हे मूळ गेम खेळलेल्याला ती बाटली दिसताक्षणी आठवतं. मूळ गेमच्या रचनेत असलेले डेव्ह ग्रॉसमन या मालिकेतही होते, तेव्हा हे योगायोगाने झालेलं नाही.

अडकलात तर काय? सामानाच्या पट्टीत दोन चौकटी आणि मध्ये अधिकचं चिन्ह असतं. तिथे दोन वस्तू जोडता येतात. म्हणून काही जण प्रत्येक वस्तू प्रत्येकीला लावत बसतात. आठ वस्तूंच्या २८ जोड्या होतात, बाराच्या ६६. एवढ्यात माणूस कंटाळतो आणि यूट्यूबवर उत्तर बघतो. उत्तर बघून सोडवलेलं विनोदी कोडं म्हणजे कोणीतरी समजावून सांगितलेला विनोद. त्यापेक्षा सेटिंगमध्ये सूचनांची पट्टी थोडी वर सरकवा. सूचना गायब्रशच्याच तोंडून बोलता बोलता येतात, म्हणून त्याचं वाक्य अर्धवट तोडून पुढे क्लिक केलंत तर सूचनाही गेली. सबटायटल लावाच. चाचांच्या उच्चारांत इंग्रजी कोट्या निसटतात, चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्याही.

खरी बोंब होते शेवटच्या मारामारीत. लेचक ठोसा मारतो आणि गायब्रश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन आदळतो. तिथे काही करायला जरासाच वेळ, की पुढचा ठोसा. रंगपंचमीला राजवाड्यापुढे गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, सापडलेल्या माणसासारखं. कुठे जायचं ते तुमच्या हातात नाही, पोहोचल्यावर काय करायचं एवढंच आहे. लोक समजतात की बोटं चपळ हवीत आणि घाईत वाटेल तिथे क्लिक करतात. बोटांचा इथे काही संबंध नाही. गायब्रश आधीच मेलाय, हरण्याची भीती नाही, चक्र पुन्हा फिरतं.

म्हणून पहिल्या फेरीत काहीच करू नका. कागद घ्या, कुठल्या जागेवरून कुठे आदळतो आणि तिथे काय काय आहे ते लिहा. दुसऱ्या फेरीपासून एका जागी एकच काम. या जागेवर केलेल्या कामाचा उपयोग दुसऱ्या जागेवर होतो, त्यामुळे क्रम कळला की अर्धं सुटलं. दोघं-तिघं मिळून खेळत असाल तर माउस एकाच्याच हाती ठेवा, कागद दुसऱ्याच्या. तरी एक दोष मान्य करायलाच हवा. चौथ्या-पाचव्या फेरीला तीच वाक्यं ऐकून हसू आटतं. ती फेरी बनवणाऱ्यांनी आखूड करायला हवी होती.

श्रेयनामावली सुरू झाली की एस्केप दाबू नका. तिच्यानंतर एक छोटा प्रसंग आहे, गायब्रशला सल्ले देणाऱ्या जादूटोणावाल्या व्हूडू लेडीचा, आणि तो बघितल्यावर पाचही भागांतलं तिचं बोलणं परत ऐकावंसं वाटतं. पुढच्या हंगामाचं दार तिथे उघडं ठेवलं होतं. ही मालिका बनवणाऱ्या टेलटेल कंपनीने तो हंगाम कधी केलाच नाही. २०१८ मध्ये कंपनीच बसली आणि २०२२ मध्ये मूळ गेमचे कर्ते रॉन गिल्बर्ट यांनी आणलेला पुढचा मंकी आयलंड वेगळ्याच वाटेने गेला.