इंग्रजी वर्ग हवेतच, पण दुभाषीही हवा

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या स्पॅनिश भाषकांसाठी ग्रंथालयांत चालणाऱ्या मोफत इंग्रजी वर्गांवरचा हा लेख आवडला. पण इंग्रजी आलं की दुभाष्याची गरज संपते, हे त्यातलं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. मी इथे अशाच एका वर्गात संध्याकाळी मदतीला जाते. गोदामातली पाळी संपवून बायका थेट वर्गात येतात, लेकरं सोबतच. भाड्याची पावती, शाळेची चिठ्ठी, बसचं वेळापत्रक, हेच आमचं पाठ्यपुस्तक. काही महिन्यांत दुकानात निभावून नेण्याइतकं बोलता येतं. पण डॉक्टर शस्त्रक्रियेचं संमतिपत्र पुढे करतात, तेव्हा ते कुठे पुरणार? एका आईच्या गर्भाशयात गाठ असल्याचं डॉक्टरांचं बोलणं तिच्या शाळकरी मुलालाच तिला समजावून सांगावं लागलं. केवढं ओझं त्या पोरावर!

सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर भाषेच्या मदतीचं बंधन १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याखालच्या नियमांनुसार तर तातडीची वेळ सोडून लहान मुलांना दुभाषी करताच येत नाही. वर्गात पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं.

आणखी एक. ग्वाटेमालाहून आलेल्या कित्येकांची घरची भाषा माम किंवा किचे असते, इक्वाडोरच्या डोंगराळ भागातल्या अनेकांची किचवा. त्यांच्यापुढे स्पॅनिश दुभाषी उभा केला म्हणजे काम झालं असं होत नाही. नाव नोंदवतानाच ‘घरी काय बोलता?’ हे विचारा.