म्यूटबद्दल थोडं वेगळं मत

'भाषेच्या ऑनलाइन तासाला शिक्षक सोडून सगळ्यांनी म्यूट राहावं' हा लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. गणिताला चालेल एक वेळ, पण भाषा गप्प बसून कशी येणार? मी दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला झूमवर न्यू जर्सीतल्या सहा मुलांना मराठी शिकवते. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. सुरुवातीला मीही सगळ्यांना म्यूट ठेवायची. दोन महिन्यांनी लक्षात आलं, एक मुलगी 'केळं'ला 'केलं' म्हणतेय आणि मला पत्ताच नाही! मग तिला कॅमेऱ्याजवळ बोलावलं, तोंड उघडून जिभेचं टोक मागे वळवून टाळूला कसं लावायचं ते दाखवलं. स्क्रीनभर माझं तोंड. प्रत्यक्ष वर्गात इतक्या जवळून कुठलं दिसायला! चौथ्या खेपेला 'केळं' आलं आणि बाकीच्या पाचांनी टाळ्या वाजवल्या.

एकसुरात कविता म्हणताना मात्र म्यूट लागतंच. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो, त्यात झूम एकाचा आवाज उचलून बाकीच्यांचे दाबतं, नुसता गोंधळ. तिथे मी एकाचाच माइक चालू ठेवते, बाकीचे घरी मोठ्याने म्हणतात. पण 'चार चाकं' यातले दोन वेगळे 'च' प्रत्येकाकडून एकेकटे ऐकल्याशिवाय मी तास संपवत नाही. सहाच्या जागी वीस मुलं असतील तर गट पाडा, पण त्यांना बोलू द्या.