बुडबुडे येईनात म्हणे

रात्री दीडला फोन वाजला की आपल्याकडे माणूस आधी मनात घरातले सगळे म्हातारे मोजतो आणि मगच उचलतो. मीही तसाच उचलला. पलीकडून आमचा मावसभाऊ, स्टुटगार्टहून, अगदी हळू आवाजात, "दादा, बुडबुडे येईनात."

मला वाटलं मावशीला ऑक्सिजन लावलाय. "कुणाला काय झालं रे?" तर म्हणे, "तसं नाही, बिअरला."

ह्याच्या मायला! तेव्हापासून तीन आठवडे हेच चालू आहे, आणि आज मी बोलणार.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आम्ही लहानपणी उगाच ओरडत हिंडायचो. ह्या गड्याने ते मनावर घेतलं. परभणीतून उठला तो थेट तिकडे. नोकरी चांगली, फ्लॅट चांगला, खाली तळघर, तळघरात थंडावा. मग डोक्यात शिरलं, घरी बिअर करायची. कर ना बाबा! तिकडे चालतं. वर्षाला 500 लिटरपर्यंत स्वतःपुरती केली तर करसुद्धा भरायचा नाही. इकडे मी वाळूजला बिअरच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, चौदा वर्षं नमुने तपासतोय, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात एक लिटर लावली तर 1949 चा दारूबंदी कायदा घेऊन उत्पादन शुल्कवाले दारात. ज्याला वरणाच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत धीर निघत नाही, त्याला 500 लिटर! लहानपणी पेरलेला भुईमूग हा रोज उकरून बघायचा, मोड आला का म्हणून. त्या वर्षी त्याच्या वाफ्यात एक रोप उगवलं नाही आणि शिव्या मात्र चिमण्यांना.

तर पहिली बिअर. वीस लिटर. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, त्याचा अर्क उकळला, हॉप्सची कडू फुलं टाकली, गार केलं, डब्यात ओतलं, वरून यीस्ट टाकलं, झाकणाला एअरलॉक लावला, म्हणजे आतला गॅस पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर सोडणारी नळी. इथपर्यंत सगळं बरोबर. फोटो पाठवले, मी अंगठा दाखवला. चार तासांनी पहिला फोन. "अजून काहीच नाही." अरे, ते यीस्ट आहे, बिडीचा बंडल नाही की काडी लावली आणि धूर आला. पाकिटातलं वाळलेलं यीस्ट आधी पाणी पितं, अंग मोकळं करतं, वाढतं, मग कामाला लागतं. बारा तास, चोवीस तास, थंडी असली तर दोन दिवससुद्धा. आणि एअरलॉकमध्ये बुडबुडा नाही म्हणजे आंबत नाही, हे ह्याला कुणी सांगितलं? झाकण जरा सैल बसलं की गॅस बाजूने निघून जातो. आमच्या कारखान्यात टाक्यांपुढे पाट टाकून बुडबुडे मोजत कुणी बसत नाही. नमुना काढायचा, त्यात हायड्रोमीटर, म्हणजे दाटपणा मोजणारी तरंगती काचेची नळी, सोडायचा, आकडा लिहायचा. यीस्ट साखर खाऊन गॅस सोडतं, साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. 1.048 ला सुरू झालं, 1.012 च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथंच राहिलं, की झालं. एवढंच शास्त्र. "हायड्रोमीटर घेतला का?" तर म्हणे, "नाही दादा, ते पुढच्या महिन्यात घेईन." बाटल्यांवर चिकटवायला स्वतःच्या नावाची लेबलं मात्र छापून आली होती!

मी बजावलं, झाकण उघडू नको. उघडू नको म्हणजे उघडू नको. दर वेळी उघडलं की हवा जाते, हवेबरोबर जंतू जातात, आंबूस वास सुटतो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. व्हिडिओत झाकण उघडं, वर तपकिरी घाण फेस, आणि साहेबांचा आवाज, "दादा, हे खराब झालंय वाटतं." तो फेस आला म्हणूनच तर चांगलं चाललंय! हे मी त्याला लिहून पाठवलं, सकाळी, शिफ्टला जाताना, बसमधून. पण तोवर त्याने ते ओतून दिलं होतं. वीस लिटर. सिंकमध्ये. तिसऱ्या दिवशी.

इथं माझं डोकं फिरलं. पैसे त्याचे, माल्ट त्याचा, मला काय. पण ते बहुतेक सगळं पाणीच होतं ना रे? मी संभाजीनगरात राहतो. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण लोक म्हणतात, आम्ही ती जगतो. जायकवाडी तिकडे पैठणला आहे आणि आमच्या नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही रात्री कधीतरी. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्याच उन्हाळ्यात इथल्या खंडपीठाने बिअर कारखान्यांचं पाणी निम्म्याहून खाली आणलं होतं. तेव्हा पाहुण्यांत मला कुणी सरळ तोंडाने चहा विचारत नव्हतं. "तुमची बिअर आणि आमच्या घागरी" असं सगळे ऐकवायचे. तेव्हा हाच गडी पुढे होता बरं का. आणि आता वीस लिटर सिंकमध्ये, कारण साहेबांना फेस आवडला नाही!

दुसरी खेप लावली. ह्या वेळी शहाणा झाला, उघडलं नाही. पाच दिवस! मला वाटलं सुधारला. सहाव्या दिवशी फोटो आला तर सगळी बिअर बाटल्यांत. तारेचं झाकण असलेल्या त्या काचेच्या बाटल्या, आत गॅस धरावा म्हणून मोजून साखर घातलेली, वर ती लेबलं. "बुडबुडे कमी झाले दादा, म्हणजे झालं ना?" अरे, पण आकडा? आकडा कुठाय? डब्यातली साखर अजून संपली नसेल आणि त्यात तू आणखी साखर घालून झाकण दाबलंस, तर तो गॅस जाईल कुठं? काच फुटेल, लेका! बाटल्या गार जागी ने, तोंड लांब धर, हाताला जाड फडकं गुंडाळ आणि एकेक झाकण सैल करून गॅस जाऊ दे. हे सगळं मी सांगितलं. तो म्हणाला, "उद्या करतो. आता उघडलं तर फेस राहणार नाही ना." दोन आठवडे थांबायची ती गोष्ट ह्याने सहा दिवसांत उरकली, आणि जिथं घाई करायची तिथं म्हणे उद्या.

मावशीला फोन करून सांगितलं. ती कुरडयांच्या गडबडीत होती, गहू भिजून दुसरा दिवस, पाणी बदलायलाच बसली होती. म्हणाली, "त्याला कामून सांगतोस? लहानपणी चीक शिजायच्या आधीच बोटं घालायचा तो." आणि फोन ठेवला. तिला पुढचं पाणी बदलायचं होतं.

मग परवाची रात्र. नळाला पाणी आलं ते एक वाजता. बायको खाली ड्रम लावतेय, मी मोटार सुरू करून गच्चीवर टाकीपाशी, आणि फोन. मी म्हटलं उचलू नये. पण दीड वाजता... पुन्हा मनात म्हातारे मोजले आणि उचलला. "दादा, तळघरातून फाट्‌ असा आवाज आला. आत जाऊ का?" अजिबात जाऊ नको म्हटलं. दार लाव, सकाळी जा, चष्मा घालून जा. तोवर दुसरा आवाज मलासुद्धा ऐकू आला. तो ओरडायला लागला, मी ओरडायला लागलो, खालून बायको ओरडायला लागली. टाकी भरून वाहत होती आणि गच्चीवरचं पाणी पन्हाळीतून शेजाऱ्याच्या अंगणात चाललं होतं. खाली जाऊन मोटार बंद करेपर्यंत नळ गेला. खालचे दोन ड्रम कोरडे. आठ दिवस आता टँकरवाल्याच्या मागे. त्याच्या तळघरात बिअरचा चिखल, माझ्या गच्चीवर पाण्याचा, आणि सकाळी ह्याचा मेसेज, "सहा बाटल्या वाचल्या दादा!! दिवाळीला आणतो."

एकही आणू नको. पुढचं पाणी मंगळवारी आहे. त्या रात्री माझा फोन बंद राहील, तिकडं काय फुटायचं ते फुटू दे.